जुन्या आवृत्तीची मुले पायरीवर

"ही रद्दी कोणाची?"

वकीलसाहेबांनी माझे अंकगणिताचे पुस्तक दोन बोटांत धरून उंच केले. वर्ग हसला. राजापेठेत त्यांच्या ओसरीवर हा वर्ग फुकट चाले. त्या वर्षी पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली होती. माझी जुनी होती.

"नवी आवृत्ती नाही, त्याने पायरीवर बसावे. तिथेही ऐकू येते."

पायरीवर बसलो ते सगळे नाल्यापलीकडच्या वस्तीतले. आमच्याकडे पुस्तक कोणी विकत घेत नसे. एका घरचे मूल पास झाले की त्याचे पुस्तक शेजारच्या घरी जाई. देण्यापूर्वी त्याची पाठ गोधडीच्या दोऱ्याने शिवून देण्याची रीत होती. नवी आवृत्ती आली की अख्ख्या गल्लीचे शिक्षण अडे. ओसरीवर हे कोणाला ठाऊक नव्हते. कोणी विचारले नव्हते.

घरी येऊन मी पुस्तक कोपऱ्यात फेकले.

"काहून रे, काहून फेकलं?" आईने विचारले.

"तुले काय समजते त्यातलं?"

शिवण तिची होती. अपमान वकिलाने केला, वार मी तिच्यावर केला. तिने पुस्तक उचलले, पदराने पुसले.

पुढे मी अकोल्यात शिक्षक झालो. आम्ही काही शिक्षक सोडवलेल्या उदाहरणांची पत्रके काढत असू. ज्याला हवे त्याने न्यावे, उतरवून घ्यावे, चूक सापडली तर कळवावे. मोल नाही, मालकी नाही. त्याचा मला अभिमान होता.

मग मण-शेर गेले, किलो आले. पुस्तक बदलले. पत्रके दोन्ही आवृत्त्यांना धरून काढायची की एकीलाच, यावर बैठक झाली. कागद थोडा, हात थोडे. फक्त नवी धरावी, हा ठराव मीच मांडला. तो एकमताने झाला.

काही दिवसांनी बाळापूरकडची एक मुलगी माझ्या ओसरीवर आली. हातात जुने पुस्तक. पाठीवर गोधडीचा दोरा.

"गुरुजी, याच्यातलं गणित पत्रकात कुठी हाये?"

"नवी आवृत्ती आण," मी म्हणालो.

ती मागे सरली आणि कोणी न सांगता पायरीवर जाऊन बसली. ती जागा तिला माहीत होती. मलाही.

मी उठेपर्यंत ती निघून गेली होती.

पुढच्या बैठकीत मी माझाच ठराव मागे घेतला. देशमुख मास्तर हसले. "मंग आजोबाच्या पुस्तकाचंबी छापाचं का, गुरुजी?"

"आजोबाचे पुस्तक नातवाच्या हातात असेल, तर छापायचे."

"अन् हे बंद कधी कराचं?"

"शेवटच्या घरातून ते पुस्तक गेले की."

"ते तुमाले कसं समजन?"

"घरोघरी विचारून. आपण ओसरीवर बसून ठरवले. विचारले नाही."

काम वाढले, ते मी अंगावर घेतले. जुन्या पुस्तकातले प्रत्येक उदाहरण नव्या मापांत मांडले. दर रविवारी गावे फिरलो, बाळापूरही. ती मुलगी सापडली नाही. तिचे नाव मी विचारले नव्हते.

आईची क्षमा मागायची राहिली, ती गेली. या दोघींचे देणे माझ्याकडून फिटणार नाही, आणि फिटले असे मी कोणाला म्हणू देणार नाही. जुन्या आवृत्तीतल्या पानाचा आकडा मी प्रत्येक पत्रकावर आधी लिहितो. ज्याला तो खोडायचा असेल, त्याने प्रथम पायरीवर येऊन बसावे.