तबकडीवर नसलेला आवाज

सत्तावीस वर्षं मी डीजे आहे. त्यामुळे कुणी ‘कुठूनतरी बाईचा आवाज आला’ असं सांगितलं, की मी म्हणायचो – आधी वायर तपास. भूतबीत मी मानत नाही. आजही नाही... म्हणून तर जास्त चिडचिड होते.

गेल्या जानेवारीत किन्हवलीच्या पुढे, मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला एका मित्राच्या फार्महाऊसवर त्याचा पन्नासावा वाढदिवस होता. भर दुपार, वीस-बावीस माणसं, पडवीत दोन टर्नटेबल आणि माझा मिक्सर. वरातीतला दणदणाट नाही – सोलफुल हाऊस. एकसारखा ठेका, मऊ पियानो, लोक डोळे मिटून डोलतात असं.

साडेचारच्या सुमारास मी नुसत्या वाद्यांची एक तबकडी लावली. दोन मिनिटांत त्यावर एक बाई गायला लागली. शब्द कळत नव्हते, पण भात लावताना बायका गातात तशी चाल, अगदी सुरात. माईक जोडलेलाच नव्हता. मी मिक्सरवर त्या तबकडीचा आवाज बंद केला – बाई गप्प. वाढवला – पुन्हा गाणं. शेवटी हरलो, दुसऱ्या तबकडीवरचा पियानो खाली घेतला आणि तिला जागा करून दिली. लोकांना वाटलं, माझीच करामत.

स्वयंपाकाला आलेल्या सुमनताई परात घेऊन दारात उभ्या होत्या. गाणं संपल्यावर जवळ आल्या.

“दादा, आमचे यमीचा आवाज तुमच्याकडं कसा आला?”

यमी त्यांची धाकटी बहीण. चार वर्षांपूर्वी काविळीने गेली. फोटो एक आहे, आवाज कुठेच नाही.

“मोबाईलवर टाकून द्याल? आईला ऐकवीन.”

मी हो म्हणालो. सगळा सेट मिक्सरवरून रेकॉर्ड होत होता ना.

आसनगावला घरी येऊन ऐकलं. पियानो खाली जातो... आणि पुढे दीड मिनिट नुसता ठेका. बाई नाही. तीच तबकडी कितीदा लावली, वायर बदलल्या, मिक्सर उघडला. पाहुण्यांच्या व्हिडिओतही काही नाही. आणि ऐकला तर सगळ्यांनी होता.

पुढच्या रविवारी, त्यांना तरी ऐकू येईल म्हणून, सुमनताईंच्या घरी जाऊन ते रेकॉर्डिंग लावलं. त्यांची म्हातारी आई मोबाईल कानाशी धरून शेवटपर्यंत बसली.

“नाय गो येत ऐकू,” ती लेकीला म्हणाली.

सुमनताईंनी मोबाईल माझ्या हातात दिला. “चुकून पुसला असेल तुमी, दादा.”

मी नाही म्हणालो. त्यांना पटलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं.

अजून अधूनमधून त्यांचा फोन येतो – “सापडला का?” आणि दर वेळी मी तेच म्हणतो... बघतोय, ताई.