मृदुला शोगुनला बातम्या सांगते

इथे नेदरलँड्समध्ये, आमच्या आल्मेरेतल्या गल्लीत शोगुनला बातम्या सांगणारी बाई राहते, असं मी पुण्याला फोनवर सांगितलं की माझी बहीण म्हणते, "हो का? आज भाजी काय केलीस?" आपल्या पेठेपलीकडचं काही लोकांच्या गळी उतरतच नाही.

जपानात अजून शोगुनचं राज्य आहे, सरदार आहेत आणि परक्यांना मज्जाव आहे, हे शाळेतलं पोरही सांगेल. एवढ्या शतकांत फट उघडी राहिली ती एकच. नागासाकीला लागून देशिमा नावाचं चिमुकलं बेट आहे, तिथे फक्त डच व्यापाऱ्यांनी राहायचं. वर्षातून एक जहाज. त्या बदल्यात दर उन्हाळ्यात डचांनी शोगुनच्या दरबाराला जगात काय चाललंय ते खरंखरं सांगायचं. पूर्वी जहाजाचा कप्तान जाऊन सांगायचा, हल्ली फोनवर सांगतात. आवाज चालतो, चित्र चालत नाही.

मृदुला ॲमस्टरडॅमच्या देशिमा कचेरीत कॉम्प्युटर सांभाळायला लागली होती. पण तिकडचे दुभाषे पिढीजात. बापाने मुलाला शिकवलेलं जुनं डच त्यांचं, आणि इथले डच लोक बोलताना निम्मे शब्द गिळतात. मृदुला डच शिकली गेमेन्तेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, संध्याकाळच्या वर्गात. एकेक अक्षर सुटं, बाराखडी म्हणावी तसं. एका वर्षी साहेब रजेवर होते म्हणून तिने बातम्या सांगितल्या, तर पलीकडचे म्हातारे दुभाषे कितानो म्हणाले, "यापुढे याच बाई." झालं. तेव्हापासून ते काम तिच्याच गळ्यात.

तिचा नवरा प्रकाश वाखनिंगनच्या विद्यापीठात बटाट्यावरच्या रोगांचा अभ्यास करायचा. दरबाराला बटाट्याचा जाणकार हवा होता, म्हणून २०१९च्या उन्हाळ्यात देशिमा कचेरीने त्याला वर्षभरासाठी बेटावर पाठवलं. शोगुनच्या लेखी डच कचेरीचा माणूस तो डचच, मग तो मिरजेचा का असेना. बायकामुलांना तिथे बंदी, घरी फोन करायला बंदी, पत्रं जहाजातून येतील तेव्हा. पुढच्या शरदात परतीचं जहाज त्याला घेऊन येणार होतं. त्यांची आठ वर्षांची लेक आर्या रोज विचारायची, "वानेर कोम्त पापा?" बाबा कधी येणार? मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये. मृदुला म्हणायची, "पानं गळायला लागली की."

मग साथ आली. शाळा बंद, कचेऱ्या बंद, सगळे घरी. ताप आला म्हणून डॉक्टरांना फोन केला की ते म्हणणार, पॅरासिटॅमॉल घ्या आणि घरीच थांबा. तसं ते एरवीही हेच म्हणतात. पण एप्रिलमध्ये आमच्या मराठी मंडळातले दीनानाथकाका गेले. लेकीकडे तीन महिन्यांसाठी आले होते बिचारे. अंत्यविधी आम्ही स्क्रीनवर पाहिला. मृदुलाने घरातच समई लावली आणि हमसून हमसून रडली. मीही रडले.

जूनमध्ये बातम्या सांगायची वेळ आली. शोगुनचा कायदा जुना आणि सोपा: बाहेर साथ असेल तर ती संपेपर्यंत बेटाचं दार बंद. ना जहाज आत, ना माणूस बाहेर. साहेबांचा, योस्तचा फोन आला. "सीझनल फ्लू म्हण. खोटं नाही अगदी. जहाज जाईल, आणि तुझा नवराही घरी येईल."

म्हणजे नरो वा कुंजरो वा! माणूस वाईट नव्हता तो, पण मला असा राग आला की काय सांगू. मृदुला माझ्या बागेत दीड मीटरवर खुर्ची टाकून बसली होती.

"काय करशील?" मी विचारलं.

"काकू, त्या लोकांना जगाचं सांगणारं आपल्याशिवाय कुणी नाही. मीच फ्लू म्हटलं तर ते बंदरावर त्या खलाशांचं स्वागत करतील हो." मग म्हणाली, "पण मला प्रकाश हवाय. नुसता घरात हवाय. भांडायला का होईना."

मी चहा टाकायला उठले. अशा वेळी शहाणपण शिकवणाऱ्यांचा मला तिटकारा आहे.

बातम्यांच्या दिवशी सकाळी आर्याला सांभाळायला मी तिच्या घरी होते. मृदुला माळ्यावर बसली होती. लाइनची खरखर फार, म्हणून फोन स्पीकरवर, त्यामुळे खालीही सगळं ऐकू यायचं. रिवाज असा, की बातम्या चालू असताना बेटावरच्या एकाने साक्षीला बसायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. कितानो म्हणाले, "यंदा साक्षीला बटाट्याचे डॉक्टर आहेत."

म्हणजे प्रकाशच ऐकत होता! मग एकेक अक्षर सुटं करत तिने सगळं सांगितलं. साथ जगभर आहे, औषध नाही, माणसं मरताहेत.

"आपण स्वतः पाहिलंत?"

"हो, मेनेर कितानो. आमचे एक काका गेले."

बराच वेळ पलीकडे जपानी चाललं. मग कितानो म्हणाले, "दार बंद होईल. दरबाराची इच्छा आहे, की साथ संपेपर्यंत दर महिन्याला बातमी मिळावी. साक्षीदार हेच राहतील." ही दरबाराची इच्छा की म्हाताऱ्याची, मला आजही शंका आहे. योस्त आठवडाभर तिच्याशी बोलला नाही.

जुलैच्या बातम्यांत मृदुलाने कुठे किती रुग्ण, कुठली सरहद्द उघडली ते सांगितलं आणि शेवटी त्याच सुरात जोडलं, "आल्मेरे शहरात एका आठ वर्षांच्या मुलीचा वरचा दात पडला. ती आता पोहायलाही शिकते आहे." कितानोंनी तेही निमूट जपानीत सांगितलं.

ऑगस्टच्या बातम्यांच्या वेळी मी खाली आर्याला पोहे देत होते. वर बातम्या संपल्या. नेहमी कितानो आभार मानून फोन ठेवत. या वेळी त्यांनी घसा खाकरला.

"दरबाराकडून एक विचारणा आहे. आल्मेरेतल्या त्या मुलीला नवा दात आला का?"

मृदुला म्हणाली, "आला. जरा वाकडा आहे. बापावर गेलाय."

कितानोंनी ते सावकाश जपानीत सांगितलं. सांगून होतं न होतं तोच, ज्याला तोंड उघडायची बंदी होती तो त्यांच्या मागे मोठ्याने हसला.

आर्याने पोह्यांची बशी तशीच टाकली आणि जिन्याकडे धावली.