पैनगंगेच्या पलीकडून दोनदा हात

इथले अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचतोय. खरं सांगू? अर्ध्याहून जास्त वेळा मनात म्हटलंय, ह्या माणसाला रात्रीचं जेवण जड गेलं असणार. मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर… आयुष्यभर बैलांना सुया टोचल्या, अडलेल्या म्हशी सोडवल्या. मेलेलं जनावर मेलेलंच राहतं, हे रोज पाहिलंय. भूत-बित, करणी-बिरणी कोणी सांगायला लागलं की मी चहाला निघून जायचो. त्यामुळे खालचं वाचून तुम्हीही चहाला गेलात तर माझी हरकत नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. माझी नेमणूक आदिलाबाद जिल्ह्यात, तामसीच्या पुढे, पैनगंगेकाठच्या एका गावात होती. गावाचं नाव देत नाही. आमचा काठ तेव्हाच्या आंध्रात, पलीकडचा महाराष्ट्रात. पूल थेट नागपूर रोडला, म्हणजे पलीकडच्या माणसाला भेटायचं तर अर्धा दिवस एसटीत घालवायचा. गावाच्या खाली नदी वळण घेते, तिथे एक खोल डोह आहे. त्या डोहात महाशीर होता.

ज्यांना मासेमारीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो… हा मासा गळाला लागणं म्हणजे नशीब. अंगावर सोनेरी, वाटीएवढी खवलं, आणि अंगात रेड्याची ताकद. लागलाच तर गळ सरळ करून जातो. पाण्यावर नुसती सावली पडली तरी दिवसभर फिरकत नाही.

मी एकटा जात नसे. बायको सोबत यायची. पंचफुला तिचं नाव, मी फुला म्हणायचो. मूलबाळ नव्हतं, गावात नात्याचं कोणी नव्हतं, रविवारी घरात बसून काय करायचं? ती कणीक मळायची, त्यात हळद अन् थोडी शेंगदाण्याची पेंड घालायची, आणि आम्ही दोघं डोहावर. गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. हसू देत.

फुलाचं एक शास्त्र होतं. ती नदीकडे पाठ करून बसायची. तिची जागा ठरलेली, माझ्या डाव्या हाताला एक सपाट गोटा होता, त्यावर. नायलॉनची दोरी खांद्यावरून मागे सोडायची, टोक बोटाला गुंडाळायची आणि तोंड गावाकडे.

"असं कोण मासे धरते?" मी एकदा चिडून विचारलं.

"तुमी बघत राह्यता म्हून तो येत नाही," ती म्हणाली. "जेवताना कोणी टक लावून बघून राह्यलं तर तुमी तरी जेवान का?"

आणि गंमत म्हणजे आम्हा दोघांत महाशीर लागला तो तिलाच. एकदाच. दोरी बोट कापत गेली आणि तटकन तुटली. मी हळहळलो. ती रक्ताळलेलं बोट तोंडात घालून घरी येईपर्यंत हसत होती.

पुढच्या पावसाळ्यात काविळीचं निमित्त झालं, अन् फुला गेली.

त्यानंतरचं फार लिहिवत नाही. रविवार खायला उठायचा. एका माणसाची भाकरी थापायला घेतली की पीठ नेहमी जास्तच व्हायचं. दोन वर्षं मी नदीकडे फिरकलो नाही. मग एका हिवाळ्यात घरात बसवेना म्हणून गळ घेऊन गेलो. तिची पिशवी अन् छत्री तिच्या गोट्यावर ठेवली. कणीक मात्र मला तिच्यासारखी मळता येत नव्हती, गोळी पाण्यात पडताच विरघळायची.

तेव्हाच पलीकडच्या काठावर एक माणूस दिसायला लागला. लाल दुपट्टा, हातात बांबूची काठी. चेहरा दिसण्याइतकं अंतर कमी नव्हतं, आवाजही नीट पोचत नसे. तो आला की हात वर करायचा, मीही करायचो. तो दोनदा करायचा… एकदा उंच, आणि मग पुन्हा एकदा, जरा वाकून. मला वाटलं, त्याची पद्धत असेल. आठवड्यात माझ्याशी बैलाच्या आजाराशिवाय बोलणारं कोणी नव्हतं. त्या हाताची मी वाट बघायचो, हे कबूल करायला आज लाज वाटत नाही.

तरीसुद्धा तो हिवाळा संपता संपता माझा धीर सुटला. बोथला बदली मागितली. मोठं गाव, बाजार, माणसांची वर्दळ, ओळखीचे दोन-चार लोक. दरखास्त मंजूर झाली आणि ऑर्डर घ्यायला मी आदिलाबादला गेलो. ऑर्डर खिशात घालून बसस्टँडवर उभा होतो, तर गर्दीपलीकडून एका म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघून हात वर केला. खांद्यावर लाल दुपट्टा.

"तुमी पैनगंगेवरचे खाकी टोपीवाले ना?" जवळ येऊन तो म्हणाला. "टोपीवरून वळखलं मी."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. चहा घेतला. नागपूरला गिरणीत होतो, ती बंद पडली म्हणून गेल्या साली गावी वापस आलो, असं त्यानं सांगितलं. मी सहज थट्टा केली, "काका, नदीवर दोनदा हात करता, अन् इथं एकदाच. काऊन?"

"आज एकटेच दिसले म्हून," तो म्हणाला. "तिकडं एक तुमाले करतो, एक बाईले. आज बाई नाई आल्या का सोबत?"

"कोणत्या बाई?"

"तुमच्या बाजूच्या गोट्यावर बसते त्या. तोंड कुठं पाह्यलं मी त्याईचं? नदीकडं सदा पाठच राह्यते. मले वाटलं, तुमचं भांडण झालं असंन."

हातातला चहा तसाच राहिला. बस लागली, तो गेला. मी त्याला फुलाबद्दल काही सांगितलं नाही.

घरी येईपर्यंत डोकं ताळ्यावर आणलं. पिशवी अन् छत्री! लांबून बाईसारखी दिसली असणार, म्हातारी नजर. झालं स्पष्टीकरण. म्हणून त्या रविवारी दोन्ही वस्तू मुद्दाम मागे झाडाखाली ठेवल्या आणि गळ टाकून त्या रिकाम्या गोट्याकडे बघत बसलो. सकाळभर पापणी लवू दिली नसेल.

काका आला. त्यानं हात वर केला. एकदाच. आणि खाली बसला.

म्हणजे माझंच खरं निघालं. खूश व्हायला हवं होतं ना? मनात म्हटलं, इथं आता काही उरलं नाही, बोथला जाऊ. झाडाखाली जाऊन, नदीकडे पाठ करून पिशवी आवरायला लागलो.

आणि मागे माझ्या गळाच्या काठीचा खडखडाट झाला. दोरी सरसर सुटत होती. मी धावलो, काठीला हात घातला, समोर पाण्यात सोनेरी कूस एकदा वळलेली दिसली आणि दोरी तटकन तुटली. वर बघितलं तर पलीकडे काका उभा होता. हात उंच होता. तो खाली आला, आणि मग पुन्हा वर गेला… जरा वाकून.

मी गोट्याकडे पाहिलं. काही नव्हतं. ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी आदिलाबादला जाऊन मी बदली रद्द करून घेतली. क्लार्क म्हणाला, लोक ह्या गावातून सुटायला हातापाया पडतात, तुम्ही काय शोधून राह्यले तिथं? मी म्हटलं, मासे.

रिटायर होईपर्यंत तिथेच राहिलो. महाशीर एकदाही हाती आला नाही. काकाला काय दिसत होतं, मला आजही माहीत नाही. त्याची नजर, ऊन, योगायोग… तुम्हाला जे पटेल ते घ्या. मीही आलटूनपालटून सगळं घेऊन पाहिलंय.

फक्त त्या दिवसापासून मी दोरी खांद्यावरून मागे सोडतो, टोक बोटाला गुंडाळतो आणि तोंड गावाकडे करून बसतो. गोट्याकडे बघत नाही. काकानं नंतर हात एकदा केला की दोनदा, तेही मी कधी पाहिलं नाही. त्याला बिचाऱ्याला वाटलं असेल, आता दोघंही रुसून बसले.