तटस्थ देशाची सून

"आपन जिकलो, भाऊ!"

भारताने मॅच मारली की बेलच्या आधी हा आवाज यायचा. दार उघडावं तर गोरीपान, निळ्या डोळ्यांची बाई शिऱ्याची वाटी घेऊन उभी. तुम्हीही माझ्यासारखे पहिल्यांदा नुसते बघत राहिला असता.

वहिनी मूळच्या युक्रेनच्या. आमचे शेजारी डॉक्टर तिकडे शिकायला गेले ते लग्न करूनच परतले. मराठी शिकवली सासूबाईंनी, आणि सासूबाई खाडीकाठच्या शेतकरी घरातल्या. त्यामुळे एव्हरशाईन वसाहतीतल्या आमच्या इमारतीत सगळ्यात अस्सल वसईची बोली या परदेशी बाईच्या तोंडी. इथलं नागरिकत्व घेताना जुना पासपोर्ट सोडावा लागला. "वाईट वाटलं?" मी विचारलं होतं. "घर एकच बरा, भाऊ."

मग तिकडे युद्ध पेटलं. त्यांची आई तळघरात लपून होती. तिथे शिकणारी आमच्या तिसऱ्या मजल्यावरची मुलगी सुखरूप परतली, तेव्हा गेटवर ढोल वाजला. "बसला तिरंगा लावला होता, काकू. कुणी अडवलं नाही," ती सांगत होती. वहिनी तिला कवटाळून रडल्या. "आपल्या झेंड्यानं आनली गो तुला."

त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांत रशियाविरुद्ध मतदान झालं आणि भारत तटस्थ राहिला. "बरं केलं. दोघांच्या भांडणात आपण कशाला पडायचं?" खाली बाकावर कुणीतरी म्हणालं. भाजीची पिशवी घेऊन वहिनी मागेच उभ्या होत्या. लिफ्टमध्ये त्यांनी मला विचारलं, "भाऊ, आपन का नाय बोललो?"

मी समजावत गेलो. जुनी मैत्री, तेल, शस्त्रं, तिथे अडकलेली पोरं. कुणाच्या गोटात न जाणं ही आपली पहिल्यापासूनची रीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"समजते मना. ती पोरगी आली तवा मीच रडली ना? पन माझी आई अजून तिथं खाली बसली हाय."

आई त्या हिवाळ्यात गेली. बॉम्बने नाही, थंडीने आणि औषधाविना. जन्माच्या देशात जायला आता वहिनींना व्हिसा लागत होता. तो येईपर्यंत तिकडे पुरूनही झालं. आम्ही भेटायला गेलो. सासूबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

पुढे एका मॅचनंतर मीच त्यांच्या दारी गेलो. "जिंकलो, वहिनी!"

"भारत जिकला? बरा झाला," त्या म्हणाल्या. रागाने नव्हे. पाहुण्याने बोलावं तसं, अदबीने. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

नंतर त्या पोलंडला गेल्या. बहीण पोरं घेऊन तिकडे पळाली होती, आणि आजारी होती. थोडे दिवस म्हणून गेल्या, अजून आलेल्या नाहीत. डॉक्टर संध्याकाळी तुळिंजच्या दवाखान्यात असतात, तेव्हा सासूबाईंना व्हिडिओ कॉल मी लावून देतो.

परवा सासूबाई फोन अगदी तोंडाजवळ धरून म्हणाल्या, "कोन कुनाच्या बाजूला हाय ते मना नाय कलत. मी तुझ्या बाजूला हाय. तू ये."

वहिनींचे डोळे वाहू लागले. ते पुसायला सासूबाईंनी पडद्यावर बोट फिरवलं, आणि कॉल कट झाला.