एकशे बाराव्या पानावरचं आगाऊ वाक्य

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी प्रकाशनाच्या मुद्रितशोधिकेनं एकशे बाराव्या पानावर लाल पेन टेकवलं. तिचं वय सत्तावीस आणि तपासायला घेतलेली ही सत्ताविसावी प्रेमकादंबरी. विशीतल्या प्रेमाची ही कहाणी एकसष्ट वर्षांच्या लेखकानं लिहिली होती, त्यामुळे नायक दर पानाला उसासे टाकत होता. हस्तलिखिताशी ताडून बघणं तिनं तिसाव्या पानावरच सोडलं होतं.

इथे मात्र नायक एकदम म्हणाला, "तुम्ही रोज एकट्याच डबा खाता, ते मला बघवत नाही. उद्या सोबत जेवूया?"

तिनं वाक्य खोडलं. समासात लिहिलं, 'नायकाला न शोभणारं. प्रेमात डबा कुठून आला?' आणि पान शेजारच्या खोलीत अक्षरजुळणी करणाऱ्याकडे नेऊन दिलं.

ते वाचून त्याचे कान लाल झाले. "मॅडम, हे लेखकाचं नाही. माझं आहे. दोन महिने तोंड उघडेना. म्हटलं, तुम्ही छापील तेवढं नक्की वाचता."

"वाचलं की. खोडलंसुद्धा."

"मग काढून टाकतो."

सत्तावीस कादंबऱ्यांत तिला पटलेलं हे पहिलंच वाक्य होतं, आणि तिनं नेमकं त्यावरच पेन चालवलं होतं. खोडलेलं परत हवं असलं की त्याखाली टिंबं द्यायची रीत आहे. तिनं पान ओढून घेतलं आणि टिंबं दिली.

"पुस्तकातून मात्र काढा," ती म्हणाली. "नाहीतर श्रेय लेखक घेतील."

उद्या जेवणाची सुट्टी एक ते दीड आहे.