खालचा थर

त्याचं खरं नाव आठवायला त्याच्या सासूलाही वेळ लागायचा. सगळे त्याला तळबघ्या म्हणत आणि तोही त्या नावाला ओ देई. चहाचा कप हातात आला की आधी तो उचलून खालून बघायचा, मग तोंडाला लावायचा. साखर घेताना पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठ वर काढायचा. चपला घेताना दुकानदारालाच शिकवायचा, "वरचं कातडं काय बघायचं? ते बघण्यासाठीच केलेलं असतं."

याला कारण होतं. तरुणपणी त्याने कोबीचं बी म्हणून जे पाकीट आणलं, त्यातून मुळा उगवला. रोपं वेगळी दिसत होती, पण बी विकणारा म्हणाला, नवी जात आहे. हा बिचारा मुळ्याला कोबी समजून महिनाभर पाणी घालत राहिला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. हा त्या दिवसापासून पाणीही फुंकून प्यायला लागला. पुढे त्याने वांगी लावली, ढोबळी मिरची लावली, मळा चांगला राखला, पण माणसांवरचा उडालेला विश्वास काही परत आला नाही.

आणि त्या सगळ्या माणसांत त्याचा सर्वांत जास्त संशय होता तो मावशीवर.

मावशी त्याची सख्खी मावशी नव्हे, ती सगळ्यांचीच मावशी. पालेभाज्या आणि वांगी पिकवणारी, बुटकी, कंबरेत जराशी वाकलेली बाई. भाजी पिकवणाऱ्यांच्या संघाने तिला खरेदी केंद्रावरची आपली प्रतिनिधी केलं होतं. केंद्रावर पद्धत अशी, की प्रत्येकाच्या मालातला एकच क्रेट लांब पत्र्याच्या टेबलावर पालथा करायचा. त्यात जे दिसेल त्यावरून सगळ्या मालाचा नंबर ठरायचा, पहिला किंवा दुसरा. पूर्वी तो क्रेट केंद्राचा माणूस निवडायचा आणि बरोबर रडका क्रेट उचलायचा. मावशीने भांडभांड भांडून, एकदा तर भर उन्हात टेबलावर स्वतःच बसून, हा हक्क उत्पादकांकडे आणला. तेव्हापासून मावशी ज्या क्रेटवर हात ठेवील तोच उघडायचा, असं ठरलं. तिने हात ठेवलेला क्रेट क्वचितच खराब निघायचा.

इथेच तळबघ्याचं डोकं फिरायचं. क्वचितच? असं कसं? त्याला माहीत होतं, क्रेट भरताना हात आपोआप काय करतो ते. किडकं, वाकडं, डागाचं खाली जातं, चकचकीत वर येतं. कोणी ठरवून करत नाही, पण सगळेच करतात. मग मावशीच्या हाताखालीच सगळे धुतल्या तांदळासारखे कसे निघतात? आणि केंद्रावरचा साहेब, जो स्वतःच्या घड्याळावर विश्वास ठेवत नाही, तो तिला मुकाट्याने निवडू कसा देतो? शिवाय काम संपलं की ती त्याच्या काचेच्या केबिनमध्ये चहा पिते. काचेतून दिसतं, पण ऐकू येत नाही.

"पाणी कुठंतरी मुरतंय," तो बायकोला म्हणायचा.

"मुरू दे. वांग्यांना लागतंच की," बायको म्हणायची आणि क्रेट भरत राहायची. त्यांच्या घरी क्रेट तीच भरायची, कारण भरण्याच्या दिवशी हा दुसऱ्यांच्या बांधावरून कोण काय करतंय ते बघत हिंडायचा.

असंच हिंडताना त्याने एक गोष्ट पाहिली. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मावशी घरोघर जात होती. पुढच्या दाराने नव्हे, मागच्या. आत जरा वेळ जायचा, कुजबुज व्हायची, मग ती पदराला हात पुसत बाहेर यायची आणि पुढच्या घरी. एकदा तर ती त्याच्याच घराच्या मागच्या दारातून बाहेर पडताना दिसली. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आत जाऊन त्याने बायकोला खडसावून विचारलं, "कशाला आली होती?"

"बसायला," बायको म्हणाली आणि चुलीकडे वळली.

बसायला! घरात बसायला कोणी मागच्या दाराने येतं? आता त्याला सगळं स्पष्ट दिसायला लागलं. बाई घरोघर जाऊन आपली माणसं बांधते आहे, बायकांना फितवते आहे, केंद्राशी साटंलोटं आहे आणि उद्या आपल्या घरातूनही तिचाच जयजयकार होणार.

संघाची सभा रिकाम्या गोदामात, पालथ्या क्रेटांवर बसून व्हायची. तळबघ्या बसण्याआधी स्वतःचा क्रेट उचलून, खाली बघून, मग बसला. आणि विषय निघायच्या आत उभा राहिला. मावशीच हात का ठेवते, साहेब तिचं का ऐकतो, आदल्या संध्याकाळी मागच्या दारांनी काय चालतं, सगळं एका दमात बोलला. चार माणसांनी माना खाली घातल्या, आणि तेही त्याला संशयास्पद वाटलं.

गावभर बातम्या पोचवणारा, रेडिओ नावाने ओळखला जाणारा शेजारी म्हणाला, "मावशी, बोला की काहीतरी."

मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली. "काय बोलू? याला शंका आहे ना, मग उद्यापासून टेबलापाशी हाच उभा राहील. मला तरी कुठं तिथं जन्म काढायचाय?" आणि ती घरी निघून गेली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या सावलीवरही विश्वास न ठेवणारा माणूस आपला प्रतिनिधी, याहून चांगलं काय? पण तळबघ्याला त्या रात्री झोप लागली नाही. एवढ्या सहज सोडलं? म्हणजे नक्कीच काहीतरी आहे.

बाजाराच्या दिवशी तो भल्या सकाळी केंद्रावर हजर झाला. चहाचा थर्मास घरून आणला होता. साहेबाने केबिनमध्ये बोलावलं तर म्हणाला, "जे बोलायचं ते इथंच, चारचौघांत."

"अहो, चहा तरी घ्या. आमच्या चहात काय आहे?"

"तेच तर कळत नाही," तळबघ्या म्हणाला आणि थर्मासच्या झाकणात स्वतःचा चहा ओतला.

निवडीची त्याची पद्धत सरळ होती. ढिगातला सगळ्यात खालचा क्रेट काढायचा आणि पालथा करायचा. रेडिओचे टोमॅटो आले. खालचा क्रेट पालथा झाला आणि टेबलावर फुटके, हिरवट टोमॅटो घरंगळले. दुसरा नंबर. पुढच्याची ढोबळी मिरची सुरकुतलेली निघाली. दुसरा नंबर. त्याच्या पुढच्याच्या दुधीला तर साहेबाने हातही लावला नाही. मागे रांगेत कुरबुर सुरू झाली.

"अरे, तू आमचा माणूस की केंद्राचा?" रेडिओ ओरडला.

"तळ खराब तुमचा, आणि दोष माझा?" तळबघ्याचा आवाज चढला. खरं तर त्याला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बघा, मावशी हेच झाकत होती! इतकी वर्षं त्याला जे वाटत होतं, ते सगळं आज टेबलावर पडलेलं होतं.

मग त्याची स्वतःची वांगी आली. बायको टेम्पोतून उतरली आणि त्याच्याकडे बघून मान हलवायला लागली. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. लोक बघताहेत, इथं घरचं-बाहेरचं नाही! त्याने छाती पुढे काढून स्वतःच्या ढिगातला अगदी खालचा क्रेट ओढला आणि सगळ्यांच्या देखत पालथा केला.

वर आलेली वांगी किडकी होती. वाकडी, भोकं पडलेली, काही तर बोट लावलं तर आत जाईल अशी. रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळं केंद्र हसलं. तळबघ्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्याला आधी वाटलं, हे कोणीतरी मुद्दाम केलंय. त्याने क्रेटवरची खूण बघितली. खूण त्याचीच होती.

साहेब हसला नाही. तो म्हणाला, "पुढच्या बाजाराला असाच माल आला तर क्रेट आम्ही निवडू. पूर्वीसारखं." मावशीने उन्हात बसून मिळवलेला हक्क एका सकाळीत जायला निघाला होता.

घरी येताना टेम्पोत तो बायकोला म्हणाला, "असं का भरलंस?"

"नेहमी असंच भरते. हात तसाच जातो," ती म्हणाली. "आदल्या संध्याकाळी मावशी यायच्या. माझे क्रेट पालथे करायच्या, मला चार शब्द ऐकवायच्या आणि पुन्हा भरायला लावायच्या. माझ्या एकटीचे नाही, सगळ्यांचे. काल त्या आल्या नाहीत. मला वाटलं, जाऊ दे, टेबलापाशी घरचाच माणूस आहे."

"मग मला तेव्हा सांगायचं नाही?"

"तुम्हाला? तुम्ही चारचौघांत ओरडून सांगितलं असतं, की माझी बायको खाली किडकं भरते. मावशींनी कधी कोणाचं कोणाला सांगितलं नाही. म्हणून तर आम्ही त्यांना दार उघडायचो."

सभेत चार माणसांनी माना का खाली घातल्या होत्या, ते तळबघ्याला आता कळलं. मावशीही तळच बघायची. पण ती घरी बघायची, बाजारात नाही. आणि साहेब तिला निवडू द्यायचा, कारण तिने कुठल्याही क्रेटवर हात ठेवला तरी चालण्यासारखं होतं. त्याला लाज वाटली, चांगलीच वाटली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत हिंडताना आपल्या घरातलं मुसळ त्याला कधी दिसलंच नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी त्याने आधी बायकोबरोबर बसून आपले सगळे क्रेट पालथे केले. मग तो मावशीच्या घरी गेला. मागच्या दाराने. ती मागच्या ओसरीवर पालक निवडत होती.

"मावशी, तुम्ही परत या," तो म्हणाला. "माझं चुकलं."

"मी नाही येत. गुडघे बोलतात माझे. आता तूच फिर घरोघर."

"मला कोण दार उघडेल?"

"आधी नाही उघडणार. पण तुझं तोंड बंद राहतंय असं दिसलं, की उघडतील." मग तिने मानेने शेडकडे खूण केली. "माझ्यापासून सुरू कर. जा."

तो शेडमध्ये गेला. मावशीचे क्रेट नीट रचलेले होते, वर काळीभोर, चकचकीत वांगी. सवयीने त्याने सगळ्यात खालचा ओढला आणि पोत्यावर पालथा केला. वर आलेल्या तळाच्या थरात पाच-सहा वांगी किडकी होती. वाकड्या देठाची, भोकं पडलेली, त्याच्या घरच्यासारखीच. तो तसाच उकिडवा बसून राहिला. इतकी वर्षं सगळ्यांचे तळ बघणाऱ्या बाईचा तळ कोणी बघितला नव्हता. तिची कंबर वाकलेली होती आणि नजर मंदावली होती, आणि ती एकटी भरत होती.

आयुष्यभर तो जे शोधत आला होता, ते आज त्याच्या हातात होतं. अगदी मावशीच्या घरातलं, अगदी मावशीच्या खुणेचं.

"कसं आहे रे?" ओसरीवरून मावशीचा आवाज आला. आवाजात नेहमीचा दरारा नव्हता. तीही वाट बघत होती.

तळबघ्याने किडकी वांगी एकेक उचलून स्वतःच्या पिशवीत टाकली आणि त्यांच्या जागी तिच्याच शेडमध्ये सुट्या पडलेल्या वांग्यांतली चांगली भरली.

"चांगलं आहे, मावशी," तो म्हणाला.

मग पिशवीचं तोंड गाठ मारून बांधलं आणि तो रेडिओच्या मागच्या दाराकडे निघाला.