अत्तरापुरतं आमंत्रण

भेटल्याबरोबर त्या समोरच्याचा हात धरत, मनगट उलटं करत आणि कुपीतल्या काडीनं एक थेंब टेकवत. मग सूचना येई : "घासू नका जी. त्याले बसू द्या." वीजबिलाच्या रांगेत त्यांनी हे केलेलं मी पाहिलं आहे. समोरचा गृहस्थ अनोळखी होता. हात हुंगता हुंगता त्याचा नंबर गेला.

आम्ही त्यांना अत्तरकाकू म्हणायचो. रायपूरच्या गुढियारी वस्तीत, रेल्वे लाइनीच्या अलीकडे त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. यजमान रेल्वेत गार्ड. नागपूरहून बदलीवर आले आणि इथेच वारले. त्यानंतर काकूंनी अत्तरं करायला घेतली. मोगरा तिळाच्या तेलात घालायचा, कोमेजला की काढून ताजा घालायचा, तेल वासानं भरेपर्यंत. वाळ्याचं तेल त्या कनौजहून मागवत. रायपुरात वाळा कूलरला लावतात. त्यामुळे त्यांचं वाळ्याचं अत्तर लावलेला माणूस जवळ आला की कूलरमध्ये पाणी भरलं का, हे आठवायचं.

केमिकल हा त्यांचा एकमेव शत्रू. बाजारातला स्प्रे मारून गेलं तर त्या दार निम्मंच उघडत. "काहून वो, कोणत्या कारखान्यातून येऊन राहिली?" शेजारचा माणूस खरोखरच उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधून यायचा. त्याला हा प्रश्न नसे. "त्याचा घाम नॅचरल आहे," असं त्यांचं मत होतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात हातावर अत्तर लावतात आणि विधवेला बोलावत नाहीत, हे वाचकांना ठाऊक आहे. काकूंनाही बोलावणं बंद झालं होतं. पुढे आमच्या मराठी महिला मंडळाला सुधारणेची लहर आली. ठराव झाला : जुनी प्रथा मोडावी, पण एकदम मोडू नये. काकूंनी यावं, दारात उभं राहून सगळ्यांना अत्तर लावावं. कुंकू लावू नये, लावून घेऊ नये. मी स्थानिक पेपरात लिहायचे, म्हणून बातमी मीच केली. मंडळानं दिलेल्या मजकुरात 'क्रांतिकारी' हा शब्द होता, तो मी काढला.

काकू नाही म्हणतील, असा माझा अंदाज होता. त्या नवी साडी नेसून आल्या. "अत्तर लावाले कपाळ पाहा लागत नाही," एवढंच म्हणाल्या. ओळखीच्या सगळ्या बायकांचे हात त्यांच्या हातात यायचे, असा वर्षातला तो एकच दिवस. त्यासाठी त्या दिवाळीपासून तेल मुरवत.

काही वर्षं हे सुरळीत चाललं. मग एका संक्रांतीच्या आधी मंडळाच्या सचिवबाई काकूंकडे गेल्या. मीही सोबत होते.

"काकू, मागच्या वर्षी घरी जाईपर्यंत वास उडाला. यंदा कडक पाहिजे."

"कडक म्हणजे? तिळाच्या तेलात न मिसळता? नुसतं अंगाले लावत नाहीत जी."

"नॅचरल आहे ना? मग काय होते त्यानं?"

हे वाक्य काकूंचंच होतं. गल्लीभर त्यांनीच ते वाटलं होतं.

त्या वर्षी त्यांनी लिंबाच्या सालीचं तेल नुसतं लावलं. ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजते, हे त्या जाणून होत्या; पण कार्यक्रम हॉलमध्ये होता. प्रमुख पाहुण्या नव्या रायपुरातून येणार होत्या, एका मोठ्या साहेबांच्या पत्नी. त्यांना उशीर झाला. तोवर फोटो काढून घ्यावेत म्हणून सचिवबाईंनी सगळ्यांना लॉनवर बसवलं. फोटोग्राफरनं हात मांडीवर उताणे ठेवायला सांगितले. बायकांनी ते बराच वेळ ठेवले, टळटळीत उन्हात.

दोन दिवसांत प्रत्येकीच्या हातावर लाल चट्टा उठला, मग तो तपकिरी झाला. सगळ्यांचा एकाच जागी. भाजीबाजारात मंडळाच्या सभासद डागावरून ओळखू येऊ लागल्या. प्रमुख पाहुण्यांचा हात तेवढा स्वच्छ राहिला. त्या आल्या तेव्हा अत्तर संपलं होतं.

मंडळाची बैठक झाली. काकू स्वतःहून आल्या. "लिंबाचं तेल अन् ऊन, त्यानं झालं. चूक माही आहे. उन्हात जाऊ नका म्हणाले पाहिजे होतं मी."

खुलासा सोपा होता, पण तो कोणाला नको होता. लिंबाचं नाव निघालं तर 'कडक'चंही निघालं असतं, आणि लॉनचंही. सचिवबाई गंभीरपणे म्हणाल्या, "जुन्या लोकांनी काही गोष्टी उगीच नव्हत्या ठरवल्या." विधवा हा शब्द कोणीही उच्चारला नाही. सगळ्यांनी माना मात्र डोलावल्या. काकू ज्या हातांसाठी वर्षभर थांबत, त्या हातांवर त्यांच्या नावाचा डाग होता, आणि तो लिंबाचा नाही असं ठरलं होतं.

पुढच्या संक्रांतीला दारात भिंतीवर यंत्र आलं. खाली हात धरला की फुस्स करून सुवास सोडणारं. निमंत्रण 'सर्व महिलांना' होतं, म्हणून काकू आल्या. शेवटच्या रांगेत बसल्या. कुंकवाचं तबक त्यांच्यापर्यंत आलं आणि वळून पलीकडे गेलं.

निम्म्या बायका आत येतात न येतात तोच यंत्र बंद पडलं. सचिवबाईंची सून म्हणाली, "मम्मी, इसका रिफिल तो मंगाया ही नहीं."

दारात रांग अडली. सचिवबाई थेट शेवटच्या रांगेपाशी आल्या. आवाज मऊ होता.

"काकू, तुमच्याकडे असेल ना काही?"

"आहे ना. घरी आहे."

काकू उठल्या, पदर सारखा केला आणि रांगेतून वाट काढत बाहेर पडल्या. सचिवबाईंनी माइकवर सांगितलं, काकू अत्तर आणायला गेल्या आहेत. काकू असं काही म्हणाल्या नव्हत्या. मी शेजारीच बसले होते.

त्या परत आल्या नाहीत. त्या दिवशीही नाहीत, नंतर कधीही नाहीत. मंडळानं मात्र बराच वेळ वाट पाहिली. तिळगूळ ताटात तसाच होता. दारातल्या बायका हात पुढे करून उभ्या होत्या. मागून कोणीतरी विचारत होतं, "किती दूर आहे जी त्यांचं घर?" आणि ते नेमकं कुठे आहे, हे त्या रांगेत कोणालाच सांगता येत नव्हतं.